ओसरीवरची मी, माजघरातली मी



आज आपण चित्रांबद्दल बोलणार आहोत. चित्र म्हटलं की आपल्या बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, आम्हाला कुठं येतंय चित्र काढायला? दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली नदी, तेवढंच शाळेत काढलं होतं." तेवढं आलं तरी पुष्कळ आहे. चित्र सुंदर काढायला आम्ही शिकवणार नाही, कारण ते आम्हालाही येत नाही. लोकांना दिसणारी मी आणि मलाच ठाऊक असलेली मी, या दोघींची गाठ चित्रातून कशी घालून देता येते, तेवढंच समजून घेऊ. आपल्यासारख्याच काही बायकांनी हे कसं केलं तेही सांगू. आणि शेवटी गटात करून बघायला एक सोपी रीत देऊ.

आधी या दोघी कोण ते बघू. जुन्या घराला ओसरी असते आणि माजघर असतं. ओसरीवर आलागेला बसतो. तिथली सतरंजी झटकलेली असते, तांब्या भरलेला असतो, फोटो ओळीने लावलेले असतात. माजघरात धान्याची पोती, आजारी माणसाचं अंथरूण, वाळत घातलेली लुगडी आणि हळू आवाजातली बोलणी असतात. घर एकच, पण पाहुण्याला त्याचा एक भाग दिसतो आणि घरच्यांना दुसरा.

बाईचंही तसंच असतं. अमक्याची सून, तमक्याची आई, गटाची सचिव, अंगणवाडीची मदतनीस, ही झाली ओसरीवरची मी. रात्री सगळे झोपल्यावर आढ्याकडे बघत जी जागी असते, जिला काही हौस आहे, कसली तरी भीती आहे, कुणाचा तरी राग आहे, ती माजघरातली मी.

यातली एक खरी आणि दुसरी खोटी, असं समजू नका. ओसरी हवीच. चार लोकांत कसं बोलावं, कुठं गप्प राहावं, हे कळणं म्हणजे लबाडी नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्या आज्या सांगायच्या. दुबळ्या माणसाला त्या मुठीचा खरोखर आधार असतो. पण मूठ वर्षानुवर्षं आवळून ठेवली की बोटं आखडतात. मग उघडायची म्हटलं तरी उघडत नाही, आणि आत काय होतं तेही आपण विसरतो. "तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" असं बैठकीत विचारलं की कितीजणी एकदम गप्प होतात, बघा. मुलांना काय आवडतं ते पटापट सांगतात, स्वतःचं मात्र आठवावं लागतं.

मग यासाठी चित्रच का? गप्पा मारून भागणार नाही का?

भागतं, पण अर्धंच. बोलणं ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतं. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर एक बोलतो, साहेब आले असतील तर दुसरं. शिवाय बोलताना एकामागून एकच गोष्ट सांगता येते. "नवरा चांगला आहे" म्हटलं की "पण मला त्याची भीती वाटते" हे मागे राहतं. चित्रात दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना खोटं पाडत नाहीत. चित्र हातभर लांब धरून बघताही येतं. "मी रडते" म्हणायला जड जातं, पण "ही बाई रडतेय" असं चित्राकडे बोट दाखवून म्हणता येतं. आणखी एक फायदा आपल्या गटांसाठी फार मोठा आहे. जिला लिहिता येत नाही तीही चित्र काढते. इतिवृत्ताच्या वहीत जी अंगठ्यापुरती असते, ती कागदावर पानभर येते.

आणि बाईच्या जातीला चित्र नवीन थोडंच आहे? सकाळी सडा घालून दारात काढलेली रांगोळी ही चित्रच. ती दाराबाहेर असते, गावाने बघावी म्हणून. वाकळ किंवा गोधडी शिवताना कुठलं ठिगळ कुठं लावायचं, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा कुठं घालायचा, हेही चित्रच. ते मात्र घरात अंगावर घ्यायचं, दुसऱ्याला सांगायचं नाही. म्हणजे ओसरीची कला वेगळी आणि माजघराची वेगळी, हे आपण न शिकता जाणतो.

आता आपण बिहारमध्ये जाऊ. उत्तर बिहारात नेपाळच्या सीमेला लागून मिथिला नावाचा मुलूख आहे. तिथल्या बायका पिढ्यानपिढ्या घराच्या भिंती रंगवतात. लग्नात नवरा-नवरीसाठी एक खोली सजवतात, तिला कोहबर म्हणतात. तिच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, पोपट, कासव, चंद्र-सूर्य असं काढतात. संसार फळावा, वंश वाढावा, अशी मागणी त्या चित्रातून असते. ही चित्रं आतल्या भिंतीवर असायची. ती काढणाऱ्या बायका बहुतेक पडद्यात राहणाऱ्या. बाहेरच्या माणसाने ती बघायची पद्धत नव्हती.

१९३४ सालच्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरं पडली. विल्यम आर्चर नावाचे एक इंग्रज अधिकारी त्या भागात नेमणुकीवर होते. पडलेल्या घरांची पाहणी करताना फुटक्या भिंतींवर त्यांना ही चित्रं दिसली. पुढे १९४९ मध्ये त्यांनी मुंबईहून निघणाऱ्या 'मार्ग' या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. बाहेरच्या जगाला या चित्रांची ओळख अशी झाली. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. माजघराची ती भिंत कुणी बाईने आपणहून उघडली नव्हती, ती पडली होती. बघणाऱ्याला ठेवा सापडला, पण ज्यांच्या घरातला तो होता त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दार आतून उघडणं वेगळं आणि भिंत पडून आतलं दिसणं वेगळं. गटात चित्रं काढताना हा फरक आपल्याला फार सांभाळायचा आहे.

पुढे १९६६-६७ च्या सुमारास बिहारमध्ये भयंकर दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने एक योजना केली. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मुंबईचे एक मराठी चित्रकार मिथिलेत गेले. त्यांचं नाव भास्कर कुलकर्णी. भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, म्हणजे विकता येईल, असं सांगत त्यांनी गावोगावच्या बायकांना कागद दिले. आतल्या खोलीतलं चित्र असं बाजारात आलं. त्याबरोबर एक नवी गोष्टही आली. कागदाखाली काढणारीचं नाव येऊ लागलं. भिंतीवर कधी कुणी सही करत नव्हतं.

या बायकांमधल्या एक म्हणजे गंगादेवी. त्यांचा जन्म १९२८ चा. बारीक रेघांनी चित्र भरायची कचनी नावाची पद्धत आहे, तिच्यात त्यांचा हात बसलेला होता. त्यांच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. पहिलीच्या वाट्याला काय येतं ते आपल्या गावांत वेगळं सांगायला नको. गंगादेवींना कागद मिळाले. आधी त्यांनी देवदेवता आणि रामायण काढलं, परंपरेने शिकवलेलं. मग त्याच रेघेने माणसाच्या आयुष्याची चित्रमालिका काढली. परदेशात नेलं तेव्हा तिथे बघितलेलं सगळं काढलं. अमेरिकेतला रोलर कोस्टरसुद्धा काढला. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग त्यांना कर्करोग झाला. दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले. त्या उपचारांचीही त्यांनी चित्रमालिका काढली. खाट, डॉक्टर, तपासण्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये त्या स्वतः. लक्ष्मीच्या पदराची किनार ज्या रेघेने काढायच्या, त्याच रेघेने त्यांनी रुग्णालयातली खाट काढली. आपल्याकडे बाई आपला आजार कसा लपवते ते आठवा. अंगावरून जात असलं, गाठ लागत असली, तरी सहा-सहा महिने बोलत नाही. तिथे ही बाई आपलं आजारी शरीर कागदावर मांडते आणि खाली स्वतःचं नाव घालते. भिंत पडली म्हणून ते दिसलं नाही. दार त्यांनी आतून उघडलं. १९९१ मध्ये त्या गेल्या. दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात त्यांनी अखेरच्या काळात एक कोहबर रंगवला होता. काही वर्षांपूर्वी संग्रहालयाचं नूतनीकरण झालं त्यात तो गेला. कागदावरची चित्रं मात्र राहिली आहेत.

मिथिलेतली अजून एक गोष्ट सांगायला हवी. कचनी असो की रंग भरायची भरनी, ही कला मुख्यतः कायस्थ आणि ब्राह्मण घरांतली मानली जायची. दुसाध या दलित समाजाच्या बायकांनी वेगळी वाट काढली. एरिका मोझर नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंच्या प्रोत्साहनाने त्यांनी अंगावरच्या गोंदणाच्या नक्षा कागदावर उतरवल्या. त्या शैलीला गोदना म्हणतात, आणि चानो देवी हे त्यातलं गाजलेलं नाव. आपल्याकडेही आजीच्या हातावर तुळस, दंडावर नाव, कपाळावर ठिपके असायचे. मेल्यावर सगळं इथंच राहतं, बरोबर येतं ते गोंदणच, असं म्हातारी माणसं म्हणायची. ज्यांच्या भिंतीला कुणी किंमत दिली नाही, त्यांनी अंगावरचीच नक्षी पुढे केली.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली. भुरीबाई या झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या भिल्ल बाई. पोटासाठी भोपाळला आल्या आणि भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करू लागल्या. तिथे जगदीश स्वामिनाथन या चित्रकारांनी मजूर बायकांना विचारलं, तुम्ही घरी काय काढता ते काढून दाखवाल का? काढायला बसलं तर मजुरीचं काय, ही भुरीबाईंची पहिली काळजी. बरोबरच आहे, आपणही तेच विचारलं असतं. चित्र काढायची मजुरी मिळेल असं कळल्यावर त्या बसल्या. भिल्लांमध्ये पिठोरा नावाचं पूजेचं चित्र असतं, त्यातले घोडे पुरुषच काढतात. भुरीबाईंनी ते सोडून आपल्या आठवणी काढायला घेतल्या. झाडं, जनावरं, घर, गाव, पुढे पुढे मोटार आणि विमानसुद्धा. नंतर भोपाळच्या आदिवासी संग्रहालयात एका मोठ्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या आयुष्याची गोष्ट रंगवली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोक्यावर घमेलं घेतलेली मजूर बाई लोकांना दिसत होती. तिच्या डोक्यात एक अख्खं गाव आहे, हे कुणी विचारेपर्यंत कुणालाच दिसलं नव्हतं.

तिसरी गोष्ट फार लांबची, मेक्सिको देशातली. फ्रीडा काहलो नावाची चित्रकार होती. जन्म १९०७, मृत्यू १९५४. लहानपणी पोलिओने तिचा एक पाय बारीक झाला. अठराव्या वर्षी ती बसमधून जात असताना बसला ट्रामची धडक बसली आणि तिचं अंग खिळखिळं झालं. महिनोन्‌महिने अंथरुणावर. घरच्यांनी पलंगाच्या वर आरसा लावून दिला आणि पडल्यापडल्या रंगवता येईल अशी सोय केली. आरशात दिसायची ती स्वतःच, म्हणून तिने स्वतःलाच काढलं. आयुष्यभर काढत राहिली.

१९३९ मध्ये, नवऱ्यापासून घटस्फोट झाला त्या वर्षी, तिने एक मोठं चित्र काढलं, 'दोन फ्रीडा' नावाचं. जवळजवळ पावणेसहा फूट लांब आणि तेवढंच उंच. त्यात एका बाकावर दोन फ्रीडा एकमेकींचा हात धरून बसल्या आहेत. एकीच्या अंगात पांढरा, लेस लावलेला युरोपी पोशाख. दुसरीच्या अंगात मेक्सिकोतल्या तेवाना बायकांचा रंगीत गावठी पोशाख. दोघींची काळजं छातीवर उघडी दिसतात, आणि एक रक्ताची शीर एका काळजातून दुसऱ्यात जाते. रंगीत पोशाखवालीच्या हातात नवऱ्याचं लहानसं चित्र आहे. पांढऱ्या पोशाखवालीने शिरेचं टोक शस्त्रक्रियेच्या चिमट्याने दाबून धरलं आहे, तरी तिच्या स्कर्टवर रक्त ठिबकतं.

यातली बाहेरची कुठली आणि आतली कुठली? उत्तर सोपं नाही. रंगीत लांब घागऱ्यातच फ्रीडा लोकांत वावरायची, त्यासाठीच ती ओळखली जायची. पण तोच घागरा तिचा बारीक पायही झाकायचा. आपल्या पदरासारखंच. पदर मान राखतो, आणि पदरच दंडावरचा वळ झाकतो. एकच कापड ओसरीचंही असतं आणि माजघराचंही. चित्र बघताना आम्हाला पटलं ते असं, की दोघींनी एकमेकींचा हात सोडलेला नाही. एकीला हाकलून दुसरीने राहायचं, असं तिथे नाही.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार भागात वारली समाज आहे. लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. तो सवाशिणी लिहितात, धवलेरी गाणी म्हणते, चौकात पालघाट देवी असते. म्हणजे ही मूळ बायकांची, घराच्या आतली चित्रं. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी इथेही आले. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली, जगभर पोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मोठंच आहे. पण कला बाजारात आली तसे काढणारे आणि विकणारे पुरुषही मोठ्या संख्येने आले. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं मात्र आपल्यापैकी किती जणींना माहीत आहेत? कलेचे पैसे झाले, पण नाव कुणाचं लागलं आणि पैसा कुणाच्या खात्यात गेला, हा हिशेब बचत गटातल्या बाईने विचारायलाच हवा. आपल्या गटाची पिशवी, गोधडी, पापड विकताना हाच प्रश्न विचारा.

आता करून बघायची रीत सांगतो. दहा-बारा जणी, दोन तास आणि बंद दाराची खोली. रंगपेटी असली तर उत्तम. नसली तर जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू, कोळसा, गेरू, हळद, चुना आणि नीळ पुरे.

कागद आडवा धरा. डावी आणि उजवी कड मध्यावर आणून दुमडा, म्हणजे कपाटाच्या दोन दारांसारखी घडी होईल. दार बंद केल्यावर बाहेरून जे दिसतं ती ओसरी. तिथे स्वतःला काढा, गाव बघतं तशी. अंगावर काय आहे, हातात काय आहे, शेजारी कोण आहे. यासाठी अर्धा तास. मग दार उघडा. आतल्या बाजूला दार लावल्यावरची मी काढा. जे कुणाला ठाऊक नाही ते. दुःखच काढलं पाहिजे असं नाही. हौस काढा, राग काढा, चोरून खाल्लेली चिंच काढा. माणूस काढता येत नसेल तर झाड काढा, भांडं काढा, नुसता रंग फासा. शेवटी दारावर एक कडी काढा. ती बाहेरून आहे की आतून, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता नियम, आणि हे काटेकोर पाळायचे. पहिला, दार उघडून दाखवायचं की नाही हे जिचं चित्र तिने ठरवायचं. "दाखव की गं" असा आग्रह कुणीही करायचा नाही, अध्यक्षांनीही नाही. दुसरा, दुसरीच्या चित्राचा अर्थ आपण सांगायचा नाही. काळा रंग म्हणजे दुःख, असं काही नसतं. तिचा तो म्हशीचा रंग असेल. "हे काय आहे?" एवढंच विचारायचं. तिसरा, फोटो काढायचा नाही. अहवालासाठीही नाही, गटाच्या व्हॉट्सॲपवरही नाही. फोटो एकदा गेला की भिंत पडल्यासारखंच झालं. चौथा, सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय एका गोलात बसवायच्या नाहीत. पाचवा, चित्र जिचं तिने न्यायचं, पेटीत ठेवायचं किंवा चुलीत घालायचं. चुलीत घातलं तरी काढल्याचं वाया जात नाही.

आमच्या गटांमध्ये हे केलं तेव्हा काय काय निघालं ते परवानगी घेऊन आणि नाव-गाव न सांगता सांगतो. एकीने आत स्कूटर काढली, तिच्यावर ती एकटी, मागे कुणी नाही. एकीने आत स्वतःला दुपारी झोपलेली काढलं. बस, एवढंच. गेल्या पंधरा वर्षांत दुपारी आडवी झाले नाही, म्हणाली. सगळ्या आधी हसल्या, मग गप्प झाल्या. एका वयस्क आक्कांनी आतली बाजू कोरीच ठेवली. आम्हाला वाटलं राहून गेलं असेल. त्या म्हणाल्या, "राहिलं न्हाई, तिथं कुणी न्हाई म्हणूनच तिथं मी हाय."

आणि एकीचं चित्र असं होतं. बाहेरून जरीची साडी, गळ्यात बोरमाळ, हातात गटाची वही. गटात तिचा हप्ता कधी एक दिवस चुकला नव्हता. आम्ही तिचं उदाहरण बाकीच्यांना द्यायचो. दार उघडलं तर आत चार खुर्च्या, रिकाम्या, आणि कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसलेली बाई. "ह्या खुर्च्या कुणाच्या?" असं एकीने विचारलं. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "वसुलीवाल्यांच्या. चार कंपन्यांचं कर्ज हाय. चौघं चार वारी येऊन बसत्यात." गटाचा हप्ता ती दुसऱ्या कर्जातून भरत होती, दुसऱ्याचा तिसऱ्यातून. बोरमाळ कधीच मोडली होती. चित्रातलीच उरली होती.

वहीत सगळे रकाने बरोबर होते. वहीवर जे दिसलं नव्हतं ते चित्रात दिसलं, कारण वही ओसरीवरची होती. त्या दिवशी तिला कुणी बोललं नाही. पुढच्या बैठकीत तिच्या संमतीने गटाने हिशेब मांडला. कुठल्या कर्जाचं व्याज सगळ्यात जास्त ते काढलं. गटाच्या अंतर्गत कर्जातून ते आधी मिटवायचं ठरवलं आणि गटाच्या हप्त्याची मुदत वाढवून दिली. चार खुर्च्यांतल्या दोन उठल्या आहेत. दोन अजून बसतात. हे सगळं चित्राने केलं असं आम्ही म्हणणार नाही. केलं ते बायकांनी. चित्रामुळे तिला सांगायला तोंड फुटलं आणि बाकीच्यांना ऐकायला वेळ मिळाला. त्यानंतर आणखी दोघींनी आपल्या खुर्च्या सांगितल्या.

आता मर्यादाही सांगायला हव्यात. चित्र हे औषध नाही. दार उघडल्यावर आत मारहाण दिसली, जीव नकोसा झाल्याचं दिसलं, तर "रंग भर, बरं वाटेल" म्हणून सोडून देऊ नका. तिला एकटी घरी पाठवू नका. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, तातडीला ११२ आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते. हे क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फोन करायचा की नाही ते तिने ठरवायचं, सोबत बसायचं काम आपलं.

आणि ऐकलेलं बाहेर नेऊ नका. गाव लहान असतं. एकीने विश्वासाने उघडलेलं दार पाणवठ्यावर पोचलं, तर ती पुन्हा कधी उघडणार नाही, आणि तिचं बघून बाकीच्याही उघडणार नाहीत. गटाची बचत जशी आपण सांभाळतो, तशी ही ठेव सांभाळायची.

येत्या मासिक बैठकीत कर्जवसुली आणि सह्या झाल्या की दोन तास काढून बघा. जुनी कॅलेंडरं आतापासून जमवायला लागा. पहिलं चित्र बहुतेक घाबरतच निघेल, आतली बाजू अर्धी कोरी राहील. राहू द्या. तीन-चार महिन्यांनी पुन्हा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. कडी बाहेरून होती ती आतून आली का, तेवढं बघा. काय दिसलं ते आम्हाला कळवायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवायचं.